कर्नल अपडेट झाला आणि वायफाय गेलं: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

गुरुवारी दुपारी मला फोन येतो. पलीकडून ठरलेलं वाक्य: "अगं, सकाळी लाइट गेली होती, तेव्हापासून लॅपटॉपला वायफाय नाही. राउटर उडाला का गं?" राउटर उडालेला नसतो, कारण त्याच वायफायवरून मला व्हॉट्सअ‍ॅप कॉल आलेला असतो.

होतं असं. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती उरलेली असते, त्यामुळे लाइट गेली की तो सरळ बंद पडतो. एरवी आपण फक्त झाकण मिटतो आणि उघडतो. आठ-दहा दिवसांपूर्वी अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, येऊन डिस्कवर बसलेला असतो, पण मेमरीत जुनाच चालत राहतो. लॅपटॉप खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की नव्याची पाळी येते आणि त्याच दिवशी वायफाय जातं. मग खापर लाइटवर, राउटरवर नाहीतर नेटवाल्यावर फुटतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: याआधी लॅपटॉप पूर्ण बंद कधी केला होतात?

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मिळून वीसेक जुन्या लॅपटॉपवर मी उबुंटू किंवा लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच अवतार) टाकून दिलेलं आहे. टाकून दिलं म्हणजे जन्माची जबाबदारी, हे तेव्हा कळलं नव्हतं. हा एकच बिघाड आतापर्यंत इतक्या वेळा काढलाय की आता क्रम पाठ आहे. तोच इथे देते.

आज्ञा मी फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'सुडो' ने सुरू होणारी आज्ञा मालकाच्या अधिकाराने चालते, म्हणून ती तुमचा पासवर्ड मागते. सगळं उबुंटू आणि मिंटच्या हिशेबाने आहे. फेडोरा किंवा आर्च हे दुसरे लिनक्स वापरणाऱ्यांना तत्त्व तेच, पॅकेजांची नावं वेगळी.

आधी लक्षणं

- सेटिंग्जमध्ये 'नो वाय-फाय अडॅप्टर फाउंड' येतं, किंवा वायफायचा पर्यायच गायब.
- पर्याय आहे, पण बटण सरकवलं की आपोआप मागे येतं.
- नेटवर्क दिसतात, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा मागतो.
- जोडणी होते, पण दर पाच-दहा मिनिटांनी तुटते. किंवा झाकण मिटून उघडलं की मेलेली.
- २.४ गीगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं, ५ चं दिसत नाही.
- राउटरला खेटून बसलं तरच चालतं.

पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढलेलाच नसतो. मधल्या दोनांत तो चढलाय पण नीट वागत नाही. शेवटच्या दोनांत अँटेना किंवा देशाच्या नियमांची सेटिंग असते. आपलं लक्षण कुठलं ते कागदावर लिहून ठेवा, कारण तासाभराने डोकं तापल्यावर "आधी पण असंच होतं का?" हे आठवत नाही. वायफाय जोडलेलं दिसतंय, फक्त पानं उघडत नाहीत आणि फोनवरही तीच रड आहे, तर तो विषय वेगळा. नेटवाल्याला फोन करा.

फोन केबलने जोडा

हा उपाय नाही, पूर्वतयारी आहे. पुढच्या बऱ्याच गोष्टींना काहीतरी डाउनलोड करावं लागतं, आणि वायफाय नसताना ते आणायचं कुठून? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला ते वायरचं नेटवर्क वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, त्यामुळे वायफाय मेलं तरी हे चालतं. टेदरिंगचं बटण राखाडी दिसत असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे. घरातली दुसरी केबल शोधा. यात माझा एकदा पाऊण तास गेलेला आहे.

पूर्ण बंद करून चालू करा

रीस्टार्ट नको. शट डाउन करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. रीस्टार्टमध्ये वायफाय कार्डाचा वीजपुरवठा पूर्ण तुटेलच असं नाही. कार्डात आधीचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) अर्धवट अडकलेलं असलं की नव्या ड्रायव्हरला ते उत्तरच देत नाही.

ज्यांच्याकडे विंडोजही आहे त्यांनी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि कधी कधी कार्डही तसंच झोपेत सोडून देतं. मग लिनक्समध्ये कार्ड दिसतं, पण जागं होत नाही.

बटण दाबलं गेलंय का

हसू नका. फंक्शनच्या ओळीतली विमानाची खूण असलेली की चुकून दाबली जाते. काही जुन्या मॉडेलांना कडेला सरकवायचं छोटं बटणही असतं. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' टाइप करा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल' ने सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर बटण किंवा बायॉस (लॅपटॉप चालू होतानाची मूळ सेटिंग) बघा. बटण नसूनही हार्ड ब्लॉक दाखवत असेल आणि जुन्या कर्नलमध्ये दाखवत नसेल, तर लॅपटॉपच्या कळा सांभाळणारा छोटा ड्रायव्हर चुकीचं सांगतोय. वायफायचा ड्रायव्हर निर्दोष आहे. हे कळलं तर पुढचे दोन तास वाचतात.

जुन्या कर्नलमध्ये जाऊन बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक नेमकी हीच टाळतात. कोणी राउटर रीसेट करतं, कोणी सगळी सिस्टीम नव्याने टाकतं. साप निघून गेल्यावर भुई धोपटण्यातला प्रकार.

उबुंटू आणि मिंट नवा कर्नल टाकताना जुना लगेच पुसत नाहीत. आत्ता कुठला चालू आहे ते 'यूनेम डॅश आर' सांगतं. तो आकडा लिहून घ्या. मग लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदा दाबा. जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारी यादी येईल. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि आधीचा आकडा असलेला कर्नल निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ नको, तिच्या वरची साधी.

एस्केप एकदाच म्हणाले, कारण घाईघाईने चार वेळा दाबलं की यादीऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि कंसाचं टोक येतं. शेजारचे काका तिथे दहा मिनिटं अडकले होते, लॅपटॉप फॉरमॅट झाला असं समजून. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप. यादी परत येते.

आता निकाल. जुन्या कर्नलमध्ये वायफाय नीट चालतंय तर कार्ड, अँटेना, राउटर, पासवर्ड, सगळे सुटले. दोष नव्या कर्नल आणि ड्रायव्हरच्या जोडीत आहे, पुढे वाचा. जुन्यातही चालत नसेल तर कर्नलचा बहुधा संबंधच नाही. त्याच अपडेटमध्ये आलेलं दुसरं काही असेल किंवा कार्डच गेलं असेल. 'व्हार लॉग एपीटी' फोल्डरातली 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल उघडली की कुठल्या तारखेला काय काय बदललं ते दिसतं. पासवर्ड पुन्हा पुन्हा मागण्याचा दोष मला दोनदा तिथेच सापडला.

ज्यांना उद्या ऑनलाइन परीक्षा आहे किंवा ऑफिसची मीटिंग आहे, त्यांनी इथेच थांबावं. जुन्या कर्नलवर काम करा, रविवारी पुढचं बघू. अभ्यासिकेतल्या मुलांना मी हेच सांगते. फक्त 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली पॅकेजं पुसणारी आज्ञा) चालवू नका आणि जागा करायची म्हणून जुना कर्नल उडवू नका. तोच आता तुमचा आधार आहे.

कार्ड कोणाचं आणि ड्रायव्हर कुठला

दोन्ही कर्नलमध्ये ही आज्ञा चालवा: 'एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश एन-एन-के'. लांबलचक यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेला तुकडा शोधा. मोबाइलने दोन्ही वेळचे फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा.

चौकोनी कंसात दोन क्रमांक असतात. पहिला भाग कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापलंय याला अर्थ नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी कार्डं बसवलेली मी पाहिली आहेत. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. जुन्यात आहे आणि नव्यात नाही, म्हणजे ड्रायव्हर चढला नाही. दोन्हीकडे आहे पण नावं वेगळी, म्हणजे नव्या कर्नलने ड्रायव्हर बदलला. दोन्हीकडे एकच नाव, म्हणजे ड्रायव्हरच्या आतलं काही बदललं. इतकं कळलं की निम्मं काम झालं.

आपलंच जुनं ठिगळ

मी काढलेल्या बिघाडांत निम्म्याहून अधिक वेळा कर्नलचा दोष नव्हता. दोन-तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेलं ठिगळ उसवलेलं होतं, आणि बऱ्याचदा ते कोणीतरी म्हणजे मीच.

एक उदाहरण देते. रियलटेकची ८८२१सीई ही चिप स्वस्त लॅपटॉपांत भरपूर. उबुंटू २०.०४ आलं तेव्हा त्यातल्या ५.४ कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हरच नव्हता. म्हणून सगळ्यांनी बाहेरचा ड्रायव्हर आणून बसवला. पुढे ५.९ पासून कर्नलमध्येच त्या चिपचा ड्रायव्हर आला. आता एका कार्डावर दोघांचा हक्क. मग लोकांनी, मी धरून, कर्नलमधल्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलं, म्हणजे त्याला चढूच नको असं सांगितलं, आणि बाहेरचा चालू ठेवला. चाललं. अगदी दोन वर्षं चाललं. मग असा एक कर्नल आला की त्यावर बाहेरचा ड्रायव्हर तयारच होईना. तो नाही, आणि घरचा मी स्वतः काळ्या यादीत टाकलेला. कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर डिस्कवर हजर, आणि वायफाय नाही. मावसबहिणीच्या लॅपटॉपवर हे शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. फाइल उघडली तर वर माझीच टीप: 'तात्पुरतं'.

म्हणून 'ईटीसी' च्या आत 'मॉडप्रोब डॉट डी' नावाचं फोल्डर आहे ते उघडा. सिस्टीमच्याही काही फाइली तिथे असतात, त्यांना हात लावू नका. तुमच्या कार्डाचं किंवा ड्रायव्हरचं नाव असलेली, हाताने बनवलेली फाइल दिसली तर तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे हॅशची खूण टाकून ती झोपवा. पुसू नका. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू' चालवून रीस्टार्ट करा. काळ्या यादीची एक प्रत सुरुवातीच्या बूट-फाइलमध्येही जाऊन बसलेली असू शकते, म्हणून ही आज्ञा विसरायची नाही.

याच फोल्डरात 'ऑप्शन्स' ने सुरू होणाऱ्या ओळीही असतात, वीज वाचवणं बंद करण्यासाठी वगैरे टाकलेल्या. ड्रायव्हरचं नाव बदललं की या ओळी गुपचूप निकामी होतात. रियलटेकच्या नव्या कुळातल्या ड्रायव्हर-फाइलींची (मॉड्यूलची) नावं मध्येच बदलली होती: आधी 'आरटीडब्ल्यूपीसीआय', नंतर 'आरटीडब्ल्यू८८_पीसीआय'. जुन्या नावाच्या ओळीबद्दल कर्नल तक्रार करत नाही, फक्त दुर्लक्ष करतो. आपल्याला वाटतं उपाय लागू आहे.

बाहेरच्या ड्रायव्हरची गरज संपली असेल तर तो 'पर्ज' करून, म्हणजे सेटिंगसकट, काढा आणि कर्नलमधला वापरा. तो चार-आठ एमबीपीएसने हळू असला तरी चालेल, पुढच्या अपडेटला रडवणार नाही. हे माझं मत. वेगासाठी बाहेरचा ड्रायव्हर हवाच म्हणणारे भेटतात. त्यांचा फोन मला अपडेटच्या दिवशी येतो.

बाहेरचा ड्रायव्हर हवाच असेल तर

काही कार्डांना पर्यायच नसतो. ब्रॉडकॉमच्या ४३१४२ ला 'डब्ल्यूएल' नावाचाच ड्रायव्हर लागतो. त्याचा गाभा बंद आहे, म्हणजे त्याचा कोड उघड नाही, आणि कंपनीने शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये दिली. तेव्हापासून उबुंटूसारख्या वितरणांची माणसं प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याला टाके घालत आली आहेत.

अशा ड्रायव्हरांचं काम डीकेएमएस बघतं. समजा ब्लाऊजपीस तुमच्याकडे आहे. प्रत्येक नव्या कर्नलचं माप वेगळं, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने शिवावं लागतं. डीकेएमएस हा शिंपी आणि हेडर्स ही मापाची वही. वही नसेल तर शिंपी हात लावत नाही. 'डीकेएमएस स्टेटस' म्हणा. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर शिवण झालेली नाही. आधी 'लिनक्स-हेडर्स' आणि पुढे नव्या कर्नलचा आकडा असं पॅकेज टाका, मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. दहापैकी सहा वेळा एवढ्यावर भागतं.

तरी अडलं तर 'व्हार लिब डीकेएमएस' मध्ये त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात 'मेक डॉट लॉग' असतो. तळापासून वर वाचत जा, 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ शोधा. 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' असं काही दिसलं तर ड्रायव्हर ज्या फंक्शनला हाक मारतोय ते नव्या कर्नलमध्ये राहिलेलं नाही. कर्नलच्या आतली रचना कायम ठेवण्याचं वचन लिनक्स देत नाही. ६.१५ मध्ये 'डेल_टायमर' हे जुनं नाव जाऊन 'टायमर_डिलीट' आलं, तेव्हा बाहेरचे कितीतरी ड्रायव्हर एका रात्रीत अडले. इथे तुमचं काही चुकलेलं नाही. ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधायची, ती नसेल तर जुन्या कर्नलवर थांबायचं. स्वतः कोड दुरुस्त करत बसू नका, तो तुमचा धंदा नसेल तर.

इथेच दोन किरकोळ तपासण्या उरका. 'डीएफ डॅश एच' ने बूटची, म्हणजे कर्नल जिथे बसतो त्या भागाची, जागा बघा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूटचं विभाजन वेगळं आणि लहान असतं, ते भरलं की नवा कर्नल अर्धवट बसतो. दुसरं, 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' आणि पुढे कर्नलचा आकडा हे पॅकेज आहे का बघा. उबुंटूत वायफायचे बरेच ड्रायव्हर त्या पॅकेजात असतात, आणि कोणी हाताने फक्त कर्नलची इमेज टाकली की हे मागे राहतं.

किल्ली नाकारली

ड्रायव्हर शिवून तयार आहे, डीकेएमएस 'इन्स्टॉल्ड' म्हणतं, तरी वायफाय नाही. शेजारच्या काकांना फोनवर म्हटलं, "सुडो मॉडप्रोब आणि पुढे ड्रायव्हरचं नाव टाका, काय येतं ते वाचून दाखवा."

"थांब हं, चष्मा... की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस. सर्व्हिसवाल्यांनी किल्ली नाकारली म्हणतंय. पण मी कुठे सर्व्हिसिंगला दिलाच नव्हता!"

ही किल्ली सिक्युअर बूटची. ते चालू असताना कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. बाहेरचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्यामुळे त्यावरची सही तुमच्याच मशीनची, आणि ती सही ओळखीची आहे असं फर्मवेअरला एकदा सांगावं लागतं. ड्रायव्हर टाकताना सिस्टीम एक पासवर्ड ठेवायला सांगते, आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग तोच पासवर्ड. हा पडदा थोडा वेळच थांबतो. काका तेव्हा चहा आणायला गेले होते.

'मॉकयूटिल, डॅश डॅश, एसबी-स्टेट' ने सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. असेल तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, डॅश डॅश, एनरोल-की' ही आज्ञा देऊन रीस्टार्ट करा आणि या वेळी पडद्यासमोरून हलू नका. सिक्युअर बूटच बंद करून टाका असा सल्ला खूप जण देतात. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर तसं करू नका. पुढच्या वेळी विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागेल, आणि ती कुठे ठेवली हे घरात कोणालाच माहीत नसतं.

कर्नलची तक्रारवही

ड्रायव्हर चढलाय पण वायफाय तुटतंय किंवा उठत नाही, तर 'सुडो डीमेसेज' वाचा. त्यात ड्रायव्हरचं नाव शोधा, इंटेलसाठी 'आयडब्ल्यूएलवायफाय'.

इंटेलमध्ये लोक एका ओळीला हमखास घाबरतात: फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे दोन. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. ड्रायव्हर आधी सगळ्यात नव्या फर्मवेअरची फाइल मागतो, नसेल तर एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे अशा चार ओळी येऊन पाचवीत 'लोडेड फर्मवेअर' असेल तर काही बिघडलेलं नाही. 'डीबग-योयो' नावाच्या फाइलबद्दलची तक्रारही सोडून द्या, ती चाचणीपुरती असते. खरी अडचण तेव्हा, जेव्हा शेवटी 'नो सूटेबल फर्मवेअर फाउंड' लिहिलेलं असतं. कर्नल नवा आणि फर्मवेअर जुनं अशी ती गत. 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अपडेट करा किंवा पुन्हा टाका, मग वर सांगितलं तसं पूर्ण बंद करून चालू करा.

जोडणी सारखी तुटत असेल तर वीजबचत बंद करून बघा. आधी तात्पुरतं: 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह', पुढे वायफाय कार्डाचं सिस्टीममधलं नाव (नेटवर्कचं नव्हे), पुढे 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ'. तासभर टिकलं तरच कायमचं करायचं. नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात वीजबचतीची फाइल असते, तिथे ३ चे २ करा. नव्या ठिगळावर तारीख आणि कारण लिहा. मी आता लिहिते.

५ गीगाहर्ट्झ गायब असेल तर 'आयडब्ल्यू रेग गेट' बघा. देश ००, म्हणजे 'माहीत नाही', असेल तर कार्ड भीत भीत वागतं आणि काही चॅनेल वापरतच नाही. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ने भारत सांगा. भारताने ५ गीगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त केला. इंटेलची नवी कार्डं देश स्वतःच ठरवतात, त्यांच्यावर ही आज्ञा चालत नाही. तिथे राउटरमध्ये जाऊन चॅनेल ३६ ते ४८ मधलं ठेवलं की बहुतेक वेळा भागतं.

राउटरला खेटूनच चालणाऱ्या रियलटेक ८७२३बीई साठी 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_सेल=२' ही ओळ 'मॉडप्रोब डॉट डी' मधल्या फाइलीत टाका. काही लॅपटॉपांत अँटेना एकच आणि ती दुसऱ्या खुंटीला लावलेली असते, ड्रायव्हर मात्र रिकाम्या खुंटीवर ऐकत बसतो. २ ने नाही झालं तर १.

इथे थांबा

इथपर्यंत येऊन सुटलं नाही तर कर्नलमध्ये खरंच दोष शिरलाय असं धरायला हरकत नाही. दोन कामं करा. जुना कर्नल ग्रबमध्ये ठरलेला करून ठेवा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून कर्नल निवडता, टाकता, काढता येतात. आणि 'उबुंटू-बग लिनक्स' ने तक्रार नोंदवा, चालणारा आणि न चालणारा असे दोन्ही आकडे देऊन. आधी चालणारी गोष्ट बंद पडता कामा नये हा कर्नलवाल्यांचा जुना नियम आहे, त्यामुळे दोन आकड्यांची तक्रार वाचली जाते. 'वायफाय चालत नाही' एवढीच कोणी वाचत नाही. नेमका कुठला बदल नडला ते बायसेक्ट करून शोधता येतं, पण एका आवृत्तीत दहा-पंधरा हजार बदल असतात. दर वेळी निम्मे करत गेलं तरी तेरा-चौदा वेळा कर्नल बांधावा लागतो. जुन्या लॅपटॉपवर हा उद्योग करू नका. आणि जुन्या कर्नलवर महिनोन् महिने बसू नका, त्याला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. दर नव्या अपडेटनंतर एकदा नवा सुरू करून बघा.

माणूस बोलवायची वेळ कधी, तेही सांगते. कार्ड जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नलमध्ये यादीतच दिसत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ एकदम गेलंय आणि विंडोजमध्येही नाही. लॅपटॉप पडलाय किंवा पावसात भिजलाय. टचपॅड वर उचललेलं दिसतंय, म्हणजे बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जर काढा आणि स्वतः उघडू नका. बायॉस अपडेट करावं लागणार आहे आणि बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काहीच करू नका, हेल्पडेस्कला कळवा.

कार्ड बदलायचंच ठरलं तर दुरुस्तीवाल्याला विचारायच्या दोन गोष्टी. इंटेलचं एएक्स२१० बहुतेक एम.२ जागांत (कार्ड खोचायच्या खाचांत) चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या मशीनवरच चालतात. आणि काही जुन्या लॅपटॉपांचं बायॉस परकं कार्ड चालूच देत नाही, म्हणून आधी लावून बघू दे म्हणा, पैसे नंतर. अँटेनाच्या दोन वायरींची टोकं करंगळीच्या नखाहून लहान असतात, ती ओढून काढली की तुटतात. हे काम मी स्वतः करत नाही.

तोवर यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय) हवा असेल तर तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, 'लिनक्सवर चालतो का' असं विचारू नका, उत्तर 'हो' च येतं. चिप कुठली ते विचारा. मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा अथेरॉसची एआर९२७१ असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे; दुसरी फक्त २.४ वर चालते. खोक्यावर चिप लिहिलेली नसते, म्हणून परत घेणार का हे पावतीवर लिहून घ्या.

आणि नवं कार्ड बसलं की जुन्या कार्डाची 'मॉडप्रोब डॉट डी' मधली फाइल त्याच संध्याकाळी काढा.